दाह, संदेश आणि प्रेरक चेतापेशी : एका रोगाच्या आकलनाचा इतिहास

सन 2005 च्या जून महिन्यात मी अधिव्याख्याता म्हणून नुकताच रुजू झालो होतो. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक एके दुपारी उर्दू विभागाच्या खोलीत आले आणि इंटरनेटवरून छापून घेतलेला चार पानांचा इंग्रजी लेख त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यातील 'इन्फ्लमेशन' या शब्दाखाली लाल रेघ मारलेली होती. "अहो, तुम्ही भाषेची माणसं. याला मराठीत दाह म्हणायचं, उर्दूत सोज़िश म्हणायचं. मला ना सूज, ना ताप, ना ठणका. मग हा दाह आहे तरी कुठे?" वर्षभरापासून त्यांच्या उजव्या हातातून खडू गळून पडत असे. पुढे सदऱ्याची बटणे लावता येईनात. तपासण्या झाल्या आणि कागदावर 'मोटर न्यूरॉन डिसीज' असे निदान आले. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचा माग काढण्याचा प्रयत्न आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही, हे आरंभीच नमूद करतो. एखाद्या शब्दाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला, हे पाहणे मात्र आमच्या विषयाचेच काम आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. लॅटिन 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे. अरबी-उर्दू वैद्यकातील 'इल्तिहाब' हा शब्द 'लहब' म्हणजे ज्वाळा या धातूचा, आणि आपला 'दाह' हाही जाळण्याचाच. तिन्ही परंपरांना शरीराच्या या अवस्थेत आगच दिसली. रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे सांगितली होती : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. प्राध्यापक महाशयांची तक्रार नेमकी हीच होती की, चारांपैकी एकही लक्षण त्यांच्या अंगी नव्हते. वैद्यकशास्त्रही शंभराहून अधिक वर्षे हेच म्हणत होते.

पॅरिसमधील आरंभ

प्रेरक चेतापेशी म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांमधून स्नायूंना हालचालीची आज्ञा पोचवणाऱ्या पेशी. त्या मरू लागल्या की स्नायू झिजतात. हात, पाय, जीभ, घसा आणि अखेरीस श्वासाचे स्नायू निकामी होतात. बुद्धी व संवेदना बहुतेकांच्या बाबतीत शाबूत राहतात. हेच या रोगाचे सर्वांत क्रूर अंग. 1850 मध्ये फ्रान्समधील आरां यांनी स्नायू झिजण्याच्या रोगाचे अकरा रुग्ण नोंदवले. पुढे क्रुव्हेये यांना शवविच्छेदनात मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूची मुळे वाळलेली आढळली. परंतु सर्व धागे एकत्र बांधले ते जाँ-मार्तें शार्को यांनी.

शार्को ज्या सालपेत्रिएर रुग्णालयात काम करीत, त्या जागी पूर्वी दारूगोळ्याचा कारखाना होता. सोऱ्यावरूनच ते नाव पडले. एकोणिसाव्या शतकात तेथे हजारो निराधार, वृद्ध व आजारी स्त्रिया राहत. त्यांतील अनेकींचे उर्वरित आयुष्य तेथेच जाई. त्यामुळे शार्कोंना एकाच रुग्णाची लक्षणे वर्षानुवर्षे टिपता येत आणि मृत्यूनंतर त्याच शरीराचा मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येई. आधुनिक चेताशास्त्राचा हा पाया त्या निनावी स्त्रियांच्या देहांवर उभा आहे. शार्कोंची थोरवी सांगताना ही गोष्ट सहसा गाळली जाते, म्हणून येथे मुद्दाम लिहिली. 1869 मध्ये जोफ्रुआ यांच्यासह त्यांनी या रोगातील मज्जारज्जूच्या विकृतीचे वर्णन केले आणि 1874 मध्ये त्याला 'अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस' हे नाव दिले. अमायोट्रॉफिक म्हणजे स्नायूंचे पोषण हरपलेला. लॅटरल स्क्लेरॉसिस म्हणजे मज्जारज्जूच्या बाजूच्या पट्ट्यांत आलेला कठीणपणा. पुढे याचेच संक्षिप्त रूप एएलएस असे रूढ झाले.

हा कठीणपणा कशाचा? चेतातंतू नष्ट झाल्यावर मागे उरलेली जागा आधारपेशींनी भरून काढलेली असते. त्या काळी अनेकांना हा जुनाट दाहाचाच शेवट वाटत होता. म्हणजे दाहाची कल्पना पहिल्या पानावरच होती. ती गेली कशी, हे अधिक मनोरंजक आहे. 1902 मध्ये इंग्रज चेतातज्ज्ञ गावर्स यांनी 'अबायोट्रॉफी' असा शब्द मांडला. त्याचा आशय असा की काही पेशींचे आयुर्बळच मुळात कमी असते आणि त्या बाहेरच्या कारणाशिवाय अकाली सुकतात. दरम्यान पोलिओचे चित्र स्पष्ट होत गेले. लँडस्टायनर आणि पॉपर यांनी 1908 मध्ये पोलिओ संसर्गजन्य असल्याचे प्रयोगाने दाखवले. पोलिओतही याच प्रेरक पेशी मरतात, पण तेथे ताप असतो, रोगजंतू असतो, रक्तातून आलेल्या पेशींची गर्दी असते. त्यामुळे वाटणी होऊन गेली : पोलिओ हा दाह आणि एएलएस हा ऱ्हास. पाठ्यपुस्तकांनी ही वाटणी पक्की केली. 1948 मध्ये पीटर मेडावार यांनी मेंदूत बसवलेले परके कातडे शरीर लवकर नाकारत नाही असे दाखवले. तेव्हापासून मेंदू हा प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेरचा प्रदेश आहे, असा समज अधिकच दृढ झाला.

गोंद म्हणून हिणवलेल्या पेशी

चेतासंस्थेत चेतापेशींखेरीज इतर पेशींची मोठी वस्ती आहे. जर्मन रोगशास्त्रज्ञ फिरखो यांनी 1856 मध्ये त्यांना 'ग्लिया' म्हणजे गोंद असे नाव दिले. नावानेच त्यांचे स्थान ठरून गेले. गोंदाचे काम चिकटवण्याचे, त्याला कोण काय विचारणार! स्पेनमधील रामॉन इ काहाल यांनी चेतापेशींची जी अद्भुत चित्रे काढली, त्यांत ग्लियाचेही निरीक्षण आहे. परंतु त्यातील एक घटक वेगळा ओळखण्याचे श्रेय 1919 मध्ये त्यांचे शिष्य देल रिओ-ओर्तेगा यांना मिळाले. चांदीच्या क्षाराची नवी रंगक्रिया वापरून त्यांनी लहान, फांद्यांच्या पेशी दाखवल्या आणि त्यांना 'मायक्रोग्लिया' म्हटले. इजा झाली की या पेशी फांद्या आवरून घेतात, गोल होतात, इजेच्या जागी सरकतात आणि मृत पेशींचे अवशेष गिळतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. मेंदूच्या प्रदेशात पहारेकरी होते तर! स्पेनच्या यादवी युद्धाने ओर्तेगांना देश सोडावा लागला. 1945 मध्ये ब्यूनोस आयरेस येथे ते वारले.

ओर्तेगांच्या निरीक्षणाला प्रेरक चेतापेशींच्या रोगात अर्थ मिळायला सत्तर वर्षे लागली. 1990 च्या सुमारास प्रतिपिंडांच्या साहाय्याने ऊतींतील विशिष्ट प्रथिने रंगवण्याचे तंत्र सुधारले. कॅनडातील व्हँकुव्हर येथे पॅट्रिक व एडिथ मॅकगीर या दांपत्याच्या प्रयोगशाळेतील गटाने 1992 मध्ये एएलएसच्या मृत रुग्णांच्या मेंदू व मज्जारज्जूत सक्रिय मायक्रोग्लिया आणि टी-लसिकापेशी असल्याचे प्रसिद्ध केले. (पॅट्रिक मॅकगीर हे 1948 च्या ऑलिंपिकमध्ये कॅनडातर्फे बास्केटबॉल खेळलेले आणि पुढे प्रांताचे मंत्री झालेले गृहस्थ. प्राध्यापकाने एकच विषय धरून बसावे असे मानणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.) ह्यूस्टन येथे स्टॅन्ली अ‍ॅपेल यांचा गट याच दिशेने काम करीत होता. तरीही सर्वसाधारण मत बदलले नाही. आक्षेप साधा आणि रास्त होता : शवविच्छेदनात दिसतो तो शेवट. घर जळून गेल्यावर तेथे जमलेली गर्दी पाहून, आग या लोकांनीच लावली असे कसे म्हणता येईल?

हा आक्षेप मोडायचा तर जिवंत प्राण्यात, रोग सुरू होण्यापूर्वीपासून पाहावे लागणार होते.

उंदरांनी दिलेली साक्ष

एएलएसच्या रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्के लोकांच्या कुटुंबात हा रोग आढळतो. आरां यांच्या एका रुग्णाच्या घरातही तसे मृत्यू झालेले होते, तरी शार्को रोगाला आनुवंशिक मानत नसत. 1991 मध्ये शिकागोतील पाकिस्तानी वंशाचे चेतातज्ज्ञ टीपू सिद्दीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुटुंबांतील रोगाचा संबंध 21 व्या गुणसूत्राशी जोडला. 1993 मध्ये रोझेन, सिद्दीक, ब्राउन आदींनी तेथील एसओडी-1 या जनुकात दोष असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी गर्नी व सहकाऱ्यांनी हे सदोष मानवी जनुक उंदरात घातले. त्या उंदरांचे पाय लुळे पडले आणि ते अवघ्या काही महिन्यांत मेले. आता रोगाचा पहिला दिवस पाहता येणार होता.

त्या उंदरांत मायक्रोग्लिया आणि तारकापेशी, म्हणजेच अ‍ॅस्ट्रोसाइट, लक्षणे ठळक होण्याच्या सुमारासच सक्रिय होतात असे दिसले. पण निर्णायक ठरला तो 2003 चा प्रयोग. क्लेमेंट, क्लीव्हलँड आदींनी संमिश्र उंदीर तयार केले. त्यांच्या शरीरातील काही पेशींत सदोष जनुक होते, काहींत नव्हते. रोग केवळ प्रेरक पेशीच्या आतला असता, तर सदोष पेशी मेल्या असत्या आणि निर्दोष जगल्या असत्या. प्रत्यक्षात, निरोगी शेजार लाभलेल्या सदोष प्रेरक पेशी अधिक काळ टिकल्या आणि सदोष शेजाऱ्यांच्या वेढ्यातील निरोगी प्रेरक पेशींत बिघाडाच्या खुणा उमटल्या. शेजारधर्माचा इतका थेट पुरावा जीवशास्त्रात क्वचितच सापडेल.

2006 मध्ये बोयी व सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. सदोष जनुक ठरावीक पेशींमधूनच काढून टाकण्याची सोय त्यांनी केली. ते प्रेरक पेशींतून काढले तेव्हा रोग उशिरा सुरू झाला. मायक्रोग्लियातून काढले तेव्हा रोग सुरू व्हायचा तेव्हाच झाला, पण नंतरची घसरण बरीच मंदावली. म्हणजे आरंभ एकाकडून आणि वेग दुसऱ्याकडून. त्याच वर्षी अ‍ॅपेल यांच्या गटाने जन्मतः मायक्रोग्लिया नसलेल्या उंदरांत निरोगी अस्थिमज्जा रोपून जवळपास याच अर्थाचा निष्कर्ष काढला. 2008 मध्ये यामानाका आदींनी तारकापेशींबद्दलही तेच दाखवले. जळालेल्या घराभोवतीच्या गर्दीत तेल ओतणारेही होते, हे आता नाकारता येत नव्हते.

निरोप काय आणि कोणाकडून

पेशी एकमेकींशी बोलतात कशा, हा या विषयाचा गाभा आहे आणि वर्गात शिकवण्यास सर्वांत कठीण भागही हाच. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर ग्राहक प्रथिने असतात. दुसऱ्या पेशीने सोडलेला रेणू ग्राहकावर बसला की आत प्रथिनांची एक साखळी एकामागून एक हलते आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. उर्दूत याला पैग़ाम-रसानी म्हणता येईल, मराठीत संदेशन. दाहाच्या संदर्भातील सर्वांत प्रसिद्ध साखळी एनएफ-कप्पा-बी नावाच्या प्रथिनाची. 1986 मध्ये भारतीय वंशाचे रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी प्रतिकारपेशींत त्याचा शोध लावला. एरवी हे प्रथिन एका अटकाव करणाऱ्या प्रथिनाने पेशीद्रवात बांधून ठेवलेले असते. टीएनएफ किंवा इंटरल्यूकिन-1 सारखा रेणू बाहेरून आला की अटकाव करणारे प्रथिन नष्ट होते. मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि अनेक जनुके जागी करते. त्यांपैकी काही जनुके पुन्हा टीएनएफ आणि इंटरल्यूकिनच तयार करतात. निरोप मिळालेली पेशी तोच निरोप वाढवून पुढे धाडते. अफवा पसरते ती याच रीतीने.

2014 मध्ये फ्रेक्स व सहकाऱ्यांनी सदोष उंदरांच्या मायक्रोग्लियात हीच साखळी अडवली, तेव्हा प्रेरक पेशी वाचल्या आणि उंदीर अधिक जगले. तारकापेशींत ती अडवून मात्र काही साधले नाही. 2017 मध्ये लिडलो आणि बेन बॅरेस यांच्या गटाने याचा दुवा जोडला : सक्रिय मायक्रोग्लिया टीएनएफ, इंटरल्यूकिन-1-अल्फा आणि सी1क्यू हे तीन रेणू सोडतात आणि त्यांच्या प्रभावाने तारकापेशी चेतापेशींना मारक बनतात. एरवी याच तारकापेशी ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन उचलून घेऊन चेतापेशींचे रक्षण करतात. ते उचलणारे प्रथिन एएलएसमध्ये कमी झालेले असते, हे रॉथस्टाइन यांनी 1995 मध्येच दाखवले होते.

तरी एक प्रश्न उरतोच. दाहाचा निरोप आसपासच्या सर्व पेशींना मिळतो, मग मरतात प्रेरक पेशीच का? 2002 मध्ये फ्रान्समधील राउल व सहकाऱ्यांनी याचे आंशिक उत्तर दिले. फास नावाच्या ग्राहकावर निरोप आला की प्रेरक पेशीत सर्वसाधारण मृत्युमार्गाच्या जोडीला पी-38 आणि नायट्रिक ऑक्साइड यांचा एक जादा मार्ग उघडतो आणि सदोष जनुक असलेल्या पेशी या निरोपाला अधिकच हळव्या असतात. निरोप तोच, पण ऐकणारा वेगळा. भाषेच्या शिक्षकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गोळी

आता त्या चार पानांकडे वळतो. त्या लेखात मिनोसायक्लिन या जुन्या, मुरुमांसाठीही दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाची हकिकत होती. 2002 मध्ये तीन स्वतंत्र गटांनी या औषधाने सदोष उंदीर अधिक जगतात असे प्रसिद्ध केले होते. औषध मायक्रोग्लियाला शांत करते, मेंदूत पोचते, स्वस्त आहे आणि औषधाच्या दुकानात मिळते. एवढे वाचल्यावर कोणता रुग्ण थांबेल? प्राध्यापक महाशयांनी आपल्या डॉक्टरांना विचारले. उपाय नाहीच, घेऊन पाहायला हरकत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांचा मुलगा परगावी होता. दरमहा बेळगावहून ती पाकिटे आणून देण्याचे काम मी केले, जवळजवळ दीड वर्ष. 2007 च्या ऑगस्टमध्ये ते वारले. शेवटचे काही महिने त्यांना बोलता येत नव्हते. पाटीवर डाव्या हाताने एखादे अक्षर काढीत.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निकाल 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आला. 412 रुग्णांवर नऊ महिने औषध देऊन पाहिले होते. मिनोसायक्लिन घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक वेगाने झाली होती. मी हा निकाल 2008 मध्ये वाचला. सरांची मात्रा चाचणीतल्या मात्रेहून बरीच कमी होती, हे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे.

हे एकच औषध नव्हते. सेलेकॉक्सिब या दाहशामक औषधानेही उंदीर अधिक जगले होते. 300 रुग्णांवरील चाचणीचा 2006 मधील निकाल शून्य. त्यातील एक बाब बोलकी आहे. ज्या दाहकारक रेणूला औषध कमी करणार होते, तो रुग्णांच्या मज्जाद्रवात मुळात वाढलेलाच नव्हता. 2008 मध्ये अमेरिकेतील एका संस्थेने 18,000 उंदरांवर सत्तरहून अधिक औषधे पुन्हा तपासली आणि गाजलेल्या औषधांपैकी कोणाचाच ठोस परिणाम आढळला नाही. पूर्वीच्या अनेक प्रयोगांत उंदीर थोडे, नर-माद्यांचा हिशेब कच्चा आणि योगायोगाने पडलेला फरक औषधाच्या खाती जमा, असा प्रकार होता. शिवाय उंदरांना औषध दिले जाई ते बहुधा लक्षणांपूर्वी. माणूस डॉक्टरकडे जातो तो खडू गळून पडायला लागल्यावर.

त्याहून खोल कारण असे की दाह हा केवळ शत्रू नाही. ज्या अग्नीने घर जळते त्यावरच अन्न शिजते. 2008 मध्ये अ‍ॅपेल यांच्याच गटाने दाखवले की सदोष उंदरांतून सहायक टी-पेशी काढून टाकल्या तर रोग मंदावत नाही, उलट वेगाने वाढतो. या पेशी मायक्रोग्लियाला आवर घालणारे निरोप देत असतात. पुढे नियामक टी-पेशींबद्दल रुग्णांतही तसेच आढळले : ज्यांच्या रक्तात त्या कमी, त्यांचा रोग वेगवान. सर्व आवाज एकदम बंद करणारे औषध शहाणा आवाजही बंद करते.

त्यानंतर

2006 मध्ये बहुसंख्य रुग्णांच्या प्रेरक पेशींत टीडीपी-43 या प्रथिनाच्या गुठळ्या असल्याचे उघड झाले. 2020 मध्ये दाखवले गेले की हे प्रथिन मायटोकाँड्रियात शिरते, तेथील डीएनए बाहेर सांडतो आणि विषाणू शिरल्याचे समजून पेशी स्टिंग नावाची धोक्याची साखळी सुरू करते. म्हणजे दाहाची पहिली हाक बाहेरून नव्हे, प्रेरक पेशीच्या आतूनही जाऊ शकते. 2011 मध्ये सापडलेले सी9ओआरएफ72 आणि 2015 मध्ये सापडलेले टीबीके-1 ही दोन्ही जनुके प्रतिकारपेशींच्या कामातही गुंतलेली आहेत. ऱ्हास आणि दाह यांची जुनी वाटणी येथे पुसट होते. 2004 मध्येच लंडनमधील संशोधकांनी किरणोत्सारी खूण वापरून जिवंत रुग्णांच्या मेंदूत सक्रिय मायक्रोग्लिया पाहिले होते. सरांच्या "आहे तरी कुठे" या प्रश्नाचे उत्तर ते हातात कागद घेऊन आले त्याच्या आदल्या वर्षी छापून आलेले होते. आम्हा दोघांनाही ते ठाऊक नव्हते.

उपचारांची वाट लांबची आहे. 1994 मध्ये पॅरिसमधील बेन्सिमॉन आणि सहकाऱ्यांनी 155 रुग्णांवर रिल्युझोलची चाचणी घेतली. ग्लुटामेटला आवर घालणारे हे औषध सरासरी दोन-तीन महिन्यांचे आयुष्य देते, आणि एएलएससाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध. 2023 मध्ये एसओडी-1 दोष असलेल्या थोड्या रुग्णांसाठी टोफर्सेनला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते जनुकाचा निरोपच अडवते. दाहाच्या बाबतीत ताजी नोंद पुन्हा बेन्सिमॉन यांचीच आहे. फ्रान्स आणि ब्रिटनमधील 220 रुग्णांना रिल्युझोलसोबत अल्प मात्रेत इंटरल्यूकिन-2 देऊन नियामक टी-पेशी वाढवण्याची ही चाचणी होती. निकाल 2025 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सरळ तुलनेत मृत्यूंमधील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. रुग्णांच्या मज्जाद्रवातील चेतातंतूंच्या प्रथिनाची पातळी हिशेबात धरल्यावर, विशेषतः ज्यांच्यात ती कमी होती त्यांच्यात, लाभ दिसला. पुन्हा चाचणी झाल्याखेरीज याला उपचार म्हणता येणार नाही.

ते चार कागद सरांच्या मुलाने नंतर मला परत दिले. लाल रेघेच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने 'दाह = ?' असे लिहिले होते.